रंगवलेल्या कापडावर भरतकाम : आधी रंग की आधी टाके?

रानजाई
नमस्कार मंडळी. या मंचावर भरतकामाच्या चर्चेचे धागे आहेत, चित्रकलेचेही आहेत, पण दोन्ही एकाच कापडावर करणाऱ्यांचा सापडला नाही म्हणून नवीन काढतेय. मी सध्या धुवून घेतलेल्या मांजरपाटावर अ‍ॅक्रिलिकने चित्र काढते आणि त्यावर अँकर कंपनीच्या दोऱ्याने भरतकाम करते. डोक्यात विषय एकच बसलाय, मावळातली भाताची खाचरं, लावणी नुकतीच झालेली, पाण्यात आभाळ दिसतंय आणि त्यातून रोपांचे शेंडे वर आलेत. पाणी आणि आभाळ रंगात, रोपं दोऱ्यात असं ठरवलंय.

अडतंय ते असं. जिथे रंगाचा थर जाड आहे तिथे सुई घुसताना कर्रकर्र आवाज येतो, बोटं दुखतात आणि टाका उसवला तर भोक तसंच राहतं, साध्या कापडावर नखाने घासलं की बुजतं तसं इथे होत नाही. कापड ताणून धरायची रिंग लावली की रंगावर गोल वळ उठतो तो वेगळाच. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की कुठे टाके घालायचे आणि कुठे रंग तसाच सोडायचा हे तुम्ही कसं ठरवता? सगळीकडे भरलं तर खालचं चित्र काढलंच कशाला असं होतं आणि थोडंच भरलं तर ते वरून चिकटवल्यासारखं दिसतं.

आधी टाके घालून मग रंगवणारं कोणी आहे का? अनुभव लिहा, फोटो असतील तर फारच छान.

सुईदोरा
मस्त विषय. रानजाई, रंग बाटलीतून काढून तसाच लावतेस का? तसं असेल तर फॅब्रिक मीडियम, म्हणजे कापडावर रंग मऊ राहावा म्हणून मिसळतात ते द्रावण, घालून बघ, साधारण निम्मं निम्मं. रंग जरा पारदर्शक होतो पण कापड मऊ राहतं. गडद हवा असेल तर एक जाड हात मारण्यापेक्षा दोन-तीन पातळ हात दे, प्रत्येक हात पूर्ण वाळू देऊन. आणि सुईचा नंबर बघ, भरतकामाच्या सुईत नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, रंगवलेल्या कापडाला मी ९ नंबरच्या खाली येत नाही. दोरा एक किंवा दोन पदरीच घ्यायचा मग, तीन पदर तिच्या नेढ्यात जायला कुरकुरतात.

रिंगच्या वळाला सोपा उपाय, आतल्या रिंगला जुन्या मलमलीची पट्टी गुंडाळायची, तिरक्या वेढ्यांनी, आणि शेवटाला दोन टाके. काम थांबवलं की रिंग काढून ठेवायची, रात्रभर लावून ठेवायची नाहीच.

भुईकमळ
वाचतेय. आमच्याकडे सासऱ्यांच्या जुन्या धोतराचा कॅनव्हास झालाय, तेव्हापासून ते कपाटाची किल्ली खिशात ठेवतात :)

इचलकरंजीकर
मी कापडाच्या प्रोसेस हाऊसमध्ये रंगखात्यात काम करतो, म्हणून थोडं लांबण लावतो, सांभाळून घ्या.

अ‍ॅक्रिलिक रंग म्हणजे पाण्यात तरंगणारे प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण आणि त्यात रंगद्रव्य. पाणी उडालं की ते कण एकमेकांना चिकटून पातळ पापुद्रा होतो आणि हा पापुद्रा सुताच्या वर बसतो, सुतांमधल्या फटी भरून टाकतो. साध्या कापडात सुई शिरते तेव्हा ती सूत तोडत नाही, दोन सुतांना बाजूला सारून जाते आणि सुई निघाली की सुतं परत जागेवर येतात. पापुद्रा मधे आला की सुतं सरकू शकत नाहीत, सुईला तो फाडूनच जावं लागतं आणि फाटलेलं प्लास्टिक परत जुळत नाही. तुमचं भोक राहतं ते यामुळे. कॅनव्हासवर जेसो, म्हणजे रंगाआधीचा पांढरा थर, लावून त्यावर भरतकाम करणाऱ्यांना हा त्रास दुप्पट.

म्हणून भरतकाम करायचंच असेल तर सुताच्या आत शिरणारा रंग वापरावा असं माझं मत. आंध्रात श्रीकाळहस्तीला कलमकारी करतात ती पद्धत बघा. सुती कापड आधी हरडा आणि म्हशीच्या दुधात भिजवून वाळवतात. हरड्यातल्या टॅनिनमुळे रंग धरतो आणि दुधातल्या स्निग्धतेमुळे कलमातली रेघ पसरत नाही. गंजकं लोखंड आणि गूळ पाण्यात आंबवून जे पाणी तयार होतं त्याने हरडा लावलेल्या कापडावर रेघ मारली की ती काळी होते. हे घरी करण्यासारखं आहे, बाल्कनी असली म्हणजे झालं, वास येतो. लोखंडाचं पाणी मात्र पातळच ठेवा, जास्त झालं तर काही वर्षांनी त्या जागी कापड कुजून तुटतं. रंगवलेलं कापड अगदी मऊ राहतं, सुईला कळतही नाही की इथे रंग आहे.

रानजाई
इचलकरंजीकर, सूत बाजूला सरकण्याचं आज नीट कळलं, खूप आभार. हरडा आयुर्वेदिक दुकानात मिळतो तोच ना? आणि निळा-हिरवा कसा मिळवायचा, मला आभाळ पाहिजे.

इचलकरंजीकर
हो तोच, पूड घ्या. निळ्यासाठी नीळ लागते आणि तिचं पिंप घरी सांभाळणं कटकटीचं. तुमच्या चित्रात पाणी जास्त आहे तर सुईदोरा म्हणतात तसं पातळ अ‍ॅक्रिलिकच बरं, मीडियम घालून. वाळल्यावर उलट्या बाजूने इस्त्री करा, मधे सुती कापड ठेवून, म्हणजे पापुद्रा पक्का होतो. रंगाच्या बाजूने गरम इस्त्री लावायची नाही, चिकटते. हळद कोणी सुचवली तर ऐकू नका, उन्हात फार लवकर उडते.

धारवाडची_वैनी
मी जरा वेगळं बोलते, राग मानू नका. माझं माहेर धारवाड, सासर सांगली. आमच्याकडे इरकलच्या पदरावर कर्नाटकी कशिदा काढतात, त्यात गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी असे चार टाके. खाली छापलेलं किंवा काढलेलं काहीही नसतं, कापडाची सुतं मोजत जायचं. गवंती आणि मुरगी तर दोन्हीकडून सारखी दिसली पाहिजे, गाठ मारायची नाही. रथ, गोपुर, हत्ती, तुळशीवृंदावन सगळं मोजूनच उभं राहतं. कापड हेच तिथे कागद आणि तेच रेघा.

आता तुम्ही कापडावर रंगाचा थर दिलात की सुतं दिसेनाशी होतात आणि मग कापडाचं काम संपलं, ते नुसतं पाठीमागचं पुठ्ठं उरलं. मग कागदावरच रंगवा ना. भरतकामाला कापड दिसायला हवं, त्याची वीण दिसायला हवी असं मला मनापासून वाटतं. रंग आणि दोरा दोन्ही घातले की दोघांचं भांडण होतं आणि बघणाऱ्याचं लक्ष कुठेच ठरत नाही.

सुईदोरा
वैनी, कशिद्याबद्दल शंभर टक्के मान्य, मोजून काढायच्या कामाला रंग नकोच. पण मोकळ्या हाताने घालायचे टाके आहेत ना, देठाचा टाका, साखळी, गाठीचा टाका, त्यांना सुतं मोजावी लागत नाहीत. तिथे रंग का नको?

धारवाडची_वैनी
तिथेही मला कोरी जागा लागते डोळ्याला. पण हो, ती माझी आवड झाली.

पिवळा_चाफा
दोन्ही एकत्र करणं हे काही नवीन फॅड नाही हे सांगायला लिहितेय. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे छापलेल्या लक्ष्मी, सरस्वतीच्या तसबिरी घरोघरी पोचल्या हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यातल्या कितीतरी तसबिरी घरातल्या बायकांनी सजवल्या होत्या. देवीच्या साडीवर खरं रेशमी कापड कापून चिकटवायचं, काठाला जर, दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि मणी, चेहरा आणि हात तेवढे छापील ठेवायचे आणि मग काचेत मढवायचं. अशा तसबिरी आज संग्रहालयांत आणि संग्राहकांकडे जपून ठेवलेल्या आहेत. ज्यांनी त्या सजवल्या त्यांची नावं कुठेही नाहीत.

मी त्यातली एक जवळून नीट बघितली आहे आणि मला सगळ्यात काय आवडलं सांगू, चेहऱ्याला हात लावलेला नाही. जर लावणाऱ्या बाईने ठरवलं की नजर छापील राहू दे आणि कापडाचं कापड होऊ दे. रानजाईचा तिसरा प्रश्न आहे ना, त्याचं उत्तर त्या बाईने तेव्हाच शोधलं होतं. जी वस्तू मुळात सुताची, धाग्याची, तंतूची आहे ती दोऱ्याला द्यायची आणि जी नाही ती रंगाला. भाताची पात तंतूच आहे. पाणी नाही.

मालवणी_मेवा
पिवळा_चाफा, काय सुंदर लिहिलंस! आमच्या देवघरात अशी टिकल्या लावलेली अन्नपूर्णा होती.

कोथरूडकर
माफ करा पण चिकटवलेल्या टिकल्यांना मिक्स्ड मीडिया म्हणायचं का? ते सजावट झालं. कलाकाराने जाणीवपूर्वक दोन माध्यमं निवडून त्यातून काही म्हणणं मांडलं तर ते मिक्स्ड मीडिया.

पिवळा_चाफा
चेहरा सोडायचा हे जाणीवपूर्वक नाही तर काय आहे? तंजावर चित्रांचं काय मग? मराठे राजांच्या काळात, विशेषतः दुसऱ्या सरफोजींच्या, म्हणजे १७९८ ते १८३२, ती भरभराटीला आली. फणसाच्या फळीवर कापड डकवायचं, खडूच्या पुडीत चिंचोक्याची खळ मिसळून उठाव तयार करायचा, त्यावर सोन्याचा वर्ख, काचेचे खडे, आणि मग रंग. लाकूड, कापड, खळ, सोनं, काच, रंग सगळं एकात. त्याला आपण चित्र म्हणतो, सजावट म्हणत नाही, कारण ते दरबारासाठी पेशेवर चित्रकारांनी केलं. घरात दुपारी बसून बाईने केलं की लगेच सजावट.

कोथरूडकर
दुसऱ्या मुद्द्यावर विचार करायला पाहिजे, मान्य. पण म्हणून सगळंच कला होत नाही. मॅटीवर, म्हणजे चौकटीच्या विणीच्या कापडावर, छापील नमुना बघून क्रॉस स्टिच भरणं आणि स्वतःचं चित्र उभं करणं यात फरक आहे आणि तो राहिला पाहिजे.

सुईदोरा
फरक आहेच. पण मॅटीवर नमुना भरून हात तयार होतो हेही खरं. टाका सारख्या ताणाचा येणं ही सवय नमुन्यातूनच लागते.

आणि कोथरूडकर, माधवी पारेख आणि मनू पारेख या चित्रकारांची चित्रं घेऊन मुंबईच्या चाणक्य या भरतकामाच्या स्कूलच्या कारागिरांनी भलेमोठे भरतकामाचे पडदे केले होते, जानेवारी २०२२ मध्ये पॅरिसला रोदँ म्युझियममध्ये दिओर या फॅशन कंपनीच्या शोसाठी भिंतीभर लावले होते. त्याचे फोटो बघा सापडले तर. चित्रातला ठिपका दोऱ्यात येताना गाठीचा टाका होतो, ब्रशचा फटकारा साखळी होतो, त्या कारागिरांनी प्रत्येक ठिकाणी निर्णय घेतलाय. मी तासभर झूम करून बघत बसले होते.

नायगरा_काठी
कॅनडातून लिहितेय, वेगळीच माहिती देते, थंडीत राहणाऱ्यांना उपयोगी. नक्षी काढायला उष्णतेने उडणारी पेनं मिळतात ना, इस्त्री फिरवली की रेघ गायब, ती रेघ खरं तर जात नाही, फक्त दिसेनाशी होते. कडक थंडीत, शून्याच्या खाली बरंच गेलं की परत उमटते. इथून भारतात पाठवायला पार्सल रात्रभर गारठ्यात पडलं तर भेट उघडणाऱ्याला सगळ्या मूळ रेघा दिसतील. पाण्याने जाणारं निळं पेन बरं, फक्त ते आधी गार पाण्याने पूर्ण धुवायचं आणि मगच इस्त्री, उलटं केलं तर डाग पक्का बसतो. आणि पाणी लागणार म्हणजे खालचा रंग पक्का हवा, हे आलंच.

भुईकमळ
आमची आई बटर पेपरवर नक्षी काढून सुईने रेघेवर भोकं पाडायची, मग तो कागद कापडावर ठेवून रॉकेलमध्ये नीळ कालवून बोळ्याने पुसायची, सगळी नक्षी ठिपक्यांनी उतरायची. एकच कागद वर्षानुवर्षं चालायचा, शेजारी मागून न्यायचे.

मालवणी_मेवा
हो हो! आणि परत येताना त्यावर दुसऱ्याच घरची फुलं वाढवलेली असायची :)

जिपशाळा
मी प्राथमिक शिक्षिका आहे, आमच्या मुलांबरोबर कागदावर करते. जाड ड्रॉइंग पेपरवर जलरंगात चित्र, पूर्ण वाळलं की खाली थर्मोकोल ठेवून सुईने आधी भोकं पाडायची आणि मग दोरा. आधी भोकं न पाडता थेट शिवलं तर मागून वर येताना सुई कुठे निघेल याचा भरवसा नसतो आणि कागदाला चुकीचं भोक लपत नाही. दोन भोकांत निदान दोन-तीन मिलिमीटर अंतर पाहिजे, जवळ आली की कागद तिकीट फाटल्यासारखा फाटतो. भरीव टाका कागदावर नाहीच, धावदोरा, उलटी टीप आणि मोकळे टाकेच बरे.

रानजाई, तुझ्या जाड रंगाच्या जागी हेच कर की. बारीक आर किंवा टाचणीने आधी भोक, मग दोरा. टाका उसवावा लागतच नाही कारण जागा आधीच दिसते. मुलांमधली एक मुलगी तर नुसती भोकं पाडूनच थांबली, उजेडात धरलं की चांदणं दिसतं, म्हणाली बाई मला दोरा नको. मी पण नको म्हटलं.

रानजाई
किती छान! भोकं आधी पाडायचं करून बघते नक्की.

खडीसाखर
एक प्रश्न, लाल दोऱ्याचा रंग खालच्या पांढऱ्या रंगात उतरतो त्याला काय करावं? मी आईच्या सांगण्यावरून लडी मीठ आणि व्हिनेगरच्या पाण्यात भिजवते.

इचलकरंजीकर
मीठ-व्हिनेगरने सुती दोऱ्याचा रंग पक्का होत नाही हो. हा समज सगळीकडे आहे आणि त्याचं मूळही कळण्यासारखं आहे, सुती कापड रंगवताना रंगाच्या पाण्यात भरपूर मीठ टाकतात, पण ते रंग पाण्यातून सुतावर ढकलायला. एकदा रंगवून झालेल्या दोऱ्यावर त्याचा काही उपयोग नाही. व्हिनेगर लोकर आणि रेशमाच्या रंगाईत लागतं. दोऱ्यावर सुटा राहिलेला जादा रंग असतो तो फक्त धुवून काढावा लागतो. ओल्या पांढऱ्या फडक्यात दोरा दाबून बघायचा, डाग आला तर लडी गार पाण्यात खळबळायची, पाणी स्वच्छ येईपर्यंत, सावलीत वाळवायची आणि मग घ्यायची कामाला.

खडीसाखर
पण आमच्याकडे वर्षानुवर्षं करतात आणि उतरत नाही की रंग.

इचलकरंजीकर
कारण भिजवताना जादा रंग निघून जातो. ते काम पाण्याने केलेलं असतं. नुसत्या पाण्याने एक लडी करून शेजारी ठेवून बघा.

खडीसाखर
बघते. आईला मात्र तुम्हीच सांगा :)

सोलापूरचा_पेंटर
नमस्कार. मी दुकानाच्या पाट्या रंगवायचो, फ्लेक्स आल्यावर ते काम गेलं, आता घरी बसून चित्रं काढतो आणि बायकोच्या हाताखाली भरतकाम शिकतो. रानजाई ताई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर बोलतो, बाकीचं या मंडळींनी नीट सांगितलंय.

पिवळा_चाफा म्हणतात ते बरोबर आहे पण माझा हिशोब उजेडावर चालतो. रंगात आपण उजेड काढतो, म्हणजे डावीकडून ऊन आहे असं ठरवलं की पांढरा डावीकडे लावायचा आणि तो मग कायम तिथेच. दोऱ्याचं तसं नाही, दोऱ्यावर खोलीतला खरा उजेड पडतो. एकाच लडीतला एकच हिरवा घ्या, एक पान उभ्या टाक्यांनी भरा आणि शेजारचं आडव्या टाक्यांनी, दोन वेगळे हिरवे दिसतील. कापड फिरवा, अदलाबदल होईल. पाटीवर हे करायला मला दोन डबे लागले असते. म्हणून जिथे तुम्हाला वाटतं की बघणारा हलला की चित्रातही काही हलावं, तिथे दोरा घाला. जिथे चित्र शांत राहायला हवं तिथे रंग. भाताच्या शेंड्यांवर वारा असतो, तिथे दोरा. आभाळात घालाल तर आभाळ चमकेल आणि पावसाळी आभाळ चमकत नाही.

अजून एक. जवळचं आणि लांबचं दोऱ्याच्या जाडीने दाखवता येतं. लडी सहा पदरी असते, पुढच्या बांधावरची रोपं तीन पदरी, मधली दोन, लांबच्या खाचरात एकच पदर आणि रंगही थोडा निळसर. अगदी लांब टाका नकोच, ब्रशचं टोक टेकवायचं नुसतं. मग दोरा वरून चिकटवल्यासारखा दिसत नाही कारण तो हळूहळू रंगात विरत जातो. एकदम कुठे थांबला की चिकटवल्यासारखा दिसतो.

सुईदोरा
काका!! हे प्रिंट काढून भिंतीला लावते. त्यात माझी भर, सुईत दोन वेगळ्या रंगांचे एकेक पदर एकत्र ओवायचे, एक पोपटी एक गडद. भाताच्या पातीचा रंग एकच कधी नसतो, ते आपोआप येतं.

इचलकरंजीकर
पेंटरकाकांच्या चमकेचं कारण लिहितो. हा दोरा मर्सराइज्ड असतो, म्हणजे सूत कॉस्टिक सोड्यातून ताणून काढलेलं. जॉन मर्सर नावाच्या इंग्रज माणसाने १८५० मध्ये कॉस्टिकच्या प्रक्रियेचं पेटंट घेतलं, ताणून चमक आणायची युक्ती मागाहून आली. कापसाचा तंतू मुळात चपटा आणि पिळलेला असतो, या प्रक्रियेत तो फुगून गोल होतो, म्हणून उजेड एका दिशेने परततो. साध्या शिलाईच्या सुताने हेच पान भरलं तर उभ्या-आडव्याचा फरक फारसा दिसणार नाही. मर्सराइज्ड सूत रंगही जास्त पितं.

जिपशाळा
मग आधी पांढऱ्या दोऱ्याने टाके घालून वरून पातळ रंग फिरवला तर? दोरा कापडापेक्षा वेगळा दिसेल ना?

इचलकरंजीकर
सुताच्या आत शिरणारा रंग असेल तर दोरा कापडापेक्षा गडद येईल, हो. पातळ अ‍ॅक्रिलिक असेल तर तेवढा फरक नाही, पण टाक्याच्या कडेला रंग साचतो आणि उठाव दिसतो. जलरंग घेणार असाल तर कापडाला आधी खळ द्या, तांदळाची पेज चालते, नाहीतर रंग सुतासुताने पळतो.

धारवाडची_वैनी
पांढऱ्यावर पांढरं काढून मग रंग, हे मात्र मला करून बघावंसं वाटतंय. कापडही दिसेल आणि टाकाही.

कोथरूडकर
वैनी आमच्या बाजूला आल्या :)

धारवाडची_वैनी
बाजू बिजू नाही हो. खळ दिलेल्या कापडाची वीण दिसते एवढंच.

मालवणी_मेवा
मढवण्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते, कोकणात राहतो आम्ही, बुरशी हा घरातला कायमचा पाहुणा. काच दोऱ्याला टेकता कामा नये, काचेला आतून दमट धरतं आणि टेकलेल्या जागी आधी काळे ठिपके येतात. फ्रेमवाल्याला सांगून काच आणि काम यात पट्टी घालून घ्या, गाठीचे टाके असतील तर जरा जास्तच अंतर. मागे साधा पुठ्ठा लावतात तो काही वर्षांनी कापडाला पिवळं करतो, आम्लरहित माउंट मिळतो तो मागा. कामाला हातातला घाम, तेल लागलेलं असतं, ते मढवण्याआधी धुवून जायला हवं नाहीतर तिथेच पहिली बुरशी. पावसाळ्यात मढवूच नका, कापड आतून ओलसर असतं आणि तो ओलावा आत बंद होतो. दिवाळीनंतरचं ऊन बघून द्या.

न मढवता ठेवायचं असेल तर घडी नको, जुन्या सुती साडीत गुंडाळून नळी करून, सोबत वेखंडाचे तुकडे. डांबराच्या गोळ्या कामाला टेकू देऊ नका.

नागपुरी_संत्रं
दोरे आणि कापड स्वस्तात कुठे मिळेल? इकडे एका दुकानात लडी तर मिळते पण शेड बघायला देत नाही, नंबर सांगा म्हणतात.

सुईदोरा
पुण्यात असशील तेव्हा बोहरी आळी आणि रविवार पेठ, मुंबईत भुलेश्वर, कापडाला मंगलदास मार्केट. उन्हात शेड बघ, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली हिरवे सगळे फसवतात. एकदा नंबर लिहून ठेवलास की कुठूनही मागवता येतं, लडीवरचा कागद फेकू नको. मांजरपाट घरी आणून गरम पाण्यात धुवूनच घे, आटतं ते आणि त्यावरची खळही जाते.

पिवळा_चाफा
जुन्या साड्यांच्या काठातून दोरे काढून वापरता येतात. बंगालमध्ये कांथाचं काम करताना परंपरेने तसंच करायचे, जुन्या साड्यांचे थर आणि त्यांच्याच काठांचे रंगीत दोरे. आपल्या गोधडीचा आणि कांथाचा मूळ टाका एकच, धावदोरा. रानजाई, पाण्याच्या भागात भरायचं नसेल तरी आभाळाच्याच रंगाच्या एका पदराने आडवा धावदोरा लांब लांब घालून बघ, कापडाला हलक्या सुरकुत्या पडतात आणि पाण्याची लहर आपोआप येते.

रानजाई
मंडळी, सगळ्यांचं वाचून नवीन कापड घेतलं. आभाळ आणि पाणी मीडियम घालून पातळ रंगवलं, दोन हात, मागून इस्त्री. सुई आता आवाज न करता जाते. रोपांच्या जागी रंग लावलाच नाही, कापड तसंच ठेवलं. पुढच्या बांधावर तीन पदरी देठाचा टाका, मग काकांनी सांगितलं तसं कमी करत गेले आणि सगळ्यात लांबच्या दोन खाचरांत फक्त ब्रश. सुईत पोपटी आणि गडद एकत्र ओवला, काय सुंदर दिसतंय ते! पिवळा_चाफाचा धावदोरा पाण्यात घातला आणि खरंच पाणी हललं. खिडकीजवळ नेलं की पुढची रोपं उजळतात आणि मागे आभाळ तसंच करडं राहतं. फोटो टाकलाय, फोटोत ते दिसत नाही याचं वाईट वाटतं.

आता एकच राहिलं. रोपांचं पाण्यातलं प्रतिबिंब दोऱ्याने की रंगाने?

सुईदोरा
वा वा वा. काय काम झालंय गं.

धारवाडची_वैनी
सुंदर. रोपांच्या मागे कापड कोरं ठेवलंस ते फार आवडलं.

कोथरूडकर
हे चित्रच आहे. अभिनंदन.

सोलापूरचा_पेंटर
ताई, प्रतिबिंब रंगानेच. दोऱ्यात घातलंत तर तेही उजळेल आणि कुठलं खरं रोप कुठलं पाण्यातलं ते कळणार नाही. पाणी स्थिर असेल तर रोप जेवढं उंच तेवढंच खाली उतरवा. गडद वस्तू पाण्यात जरा फिकी दिसते आणि फिकी वस्तू जरा गडद, तेव्हा तुमचा दोऱ्याचा हिरवा आहे त्यापेक्षा मळका, करडा मिसळलेला घ्या. धावदोरा जिथे जिथे प्रतिबिंबाला आडवा जातो तिथे ब्रश उचला, रेघ तुटू द्या.

रानजाई
आणि रोप पाण्यातून वर येतं त्या टोकाला, जिथे दोरा संपतो आणि रंग सुरू होतो?

सोलापूरचा_पेंटर
तिथे शेवटचा टाका मागे ओढून घेण्याआधी एक पदर कापून टाका. उरलेल्या पदरांनी तो टाका पूर्ण करा आणि खालून रंग टाक्याच्या बुडाला केसभर चढू द्या. ब्रश अगदी कोरडा घ्या, ओला असेल तर दोरा रंग वर ओढतो.